कोनाड्यातला कप

वऱ्हाडातल्या मानोरा गावी आमच्या घरी निळ्या छापाची एक ताटली आहे. वीतभरापेक्षा थोडी रुंद, कडेचा एक टवका उडालेला. पांढऱ्या अंगावर निळं चित्र आहे. डावीकडे पाण्यावर ओणवलेलं विलोचं झाड, त्याच्या खालून जाणारा तीन कमानींचा पूल, पुलावर तीन माणसं, उजवीकडे वळचणी वर वळवलेलं चिनी घर, आणि आभाळात समोरासमोर उडणारे दोन पक्षी. काठाला नक्षीचा पट्टा. त्या पट्ट्यावरून बोट फिरवत गेलं की एका जागी नक्षी चुकते. एक फूल अर्ध्यात तुटतं आणि त्याला दुसऱ्याच फुलाचा अर्धा भाग येऊन चिकटतो. झिलईत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पसरलंय आणि त्यात हळद उतरली आहे. म्हणजे ही ताटली फक्त फडताळात मिरवली नाही, तिच्यात वरण-भाजी वाढली गेली आहे.

उलटी केली की बुडाला तीन ठिकाणी खरखरीत ठिपके लागतात. भट्टीत ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये मातीच्या छोट्या तिवया ठेवत, त्यांच्या त्या खुणा. शेजारी निळ्या अक्षरांत एकच शब्द आहे, ‘इंग्लंड’. या शब्दाने मला फार मदत केली. १८९० साली अमेरिकेने मॅकिन्ले जकात कायदा केला आणि १८९१पासून त्या देशात उतरणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. इंग्रज कारखानदारांना अमेरिकेची गिऱ्हाइकी मोठी, म्हणून ते सरसकट मालावर देशाचं नाव छापू लागले. ‘मेड इन इंग्लंड’ अशी पूर्ण ओळ साधारणपणे विसाव्या शतकातली. त्यामुळे नुसता ‘इंग्लंड’ दिसला की वस्तू १८९१नंतरची, बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या दशकाच्या आसपासची, असा जाणकार अंदाज बांधतात. वऱ्हाडातल्या एका घरच्या ताटलीचं वय अमेरिकेच्या जकातीवरून ठरावं, एवढं त्या काळाचं जग एकमेकांत गुंतलेलं होतं.

काठावरची ती चुकलेली नक्षी कशी चुकली, हे कळल्यापासून मला ती जागा सगळ्या चित्रापेक्षा जवळची वाटते. असल्या ताटल्या हाताने रंगवलेल्या नसत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात तेलात खललेला कोबाल्टचा रंग भरायचा, पातळ कागदावर त्याचा ठसा उचलायचा आणि तो ओला कागद कच्च्या भाजलेल्या ताटलीवर दाबून घासायचा. कागद धुऊन टाकला की चित्र मातीवर राहतं. मग वरून झिलई आणि पुन्हा भट्टी. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात, स्टोक आणि बर्स्लेमच्या कारखान्यांत, कागद कापायला लहान मुली असत आणि ठसा बसवायला बायका. काठाची पट्टी गोल फिरवून आणताना शेवटी उरलेल्या फटीत जो तुकडा बसेल तो बसवून टाकायचा. त्यांना नगावर पैसे मिळत, थांबून चालत नसे. त्यापुढचं काम तर जिवावरचं होतं. झिलईत शिसं असे. त्यात हात बुडवणाऱ्या कामगारांच्या अंगात ते भिनायचं, मनगटं लुळी पडायची, बायकांचे गर्भ पडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सरकारला यावर चौकशा नेमाव्या लागल्या. म्हणून ‘साहेबाची ताटली’ असं कोणी म्हणालं की मला ते अपुरं वाटतं. साहेबाने ती विकली. बनवली ती त्याच्या देशातल्या गरिबांनी.

चित्राची गोष्टही अशीच दुसऱ्याची आहे. चीनमधून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांनी युरोपला दोन शतकं वेड लावलं होतं. ती महाग पडत, म्हणून इंग्रजांनी नक्कल सुरू केली. अठराव्या शतकाच्या शेवटाला असे चिनी धाटणीचे नमुने तांब्यावर कोरले जाऊ लागले, त्यांत थॉमस मिंटन या कोरक्याचं नाव घेतलं जातं. हा विलोचा नमुना जसाच्या तसा चीनमध्ये कुठे नव्हता. त्यातल्या पळून जाणाऱ्या प्रेमिकांची, पाठलाग करणाऱ्या बापाची आणि शेवटी पक्षी झालेल्या जिवांची कथा तर १८४९मध्ये एका इंग्रजी कौटुंबिक मासिकात छापून आली. चित्र आधी, कथा मागाहून. चीन न पाहिलेल्या माणसांनी चीन रचला, तो चीन विकून पैसा केला, आणि त्यातली एक ताटली मानोऱ्यापर्यंत आली.

ती आली कापसाच्या पैशातून, असं घरात सांगत. यात नवल काही नाही. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं ते कंपनीच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, पण इंग्रजांची नजर होती ती इथल्या काळ्या मातीवर. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडच्या दक्षिणेतल्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या. चार वर्षं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ला लढाई थांबली आणि भाव गडगडले. मधल्या काळात ज्यांनी साठवलं ते सावरले, ज्यांनी कर्ज काढून पेरा वाढवला ते सावकाराच्या वहीत गेले. १८६७पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली होती. १८७०मध्ये खामगावचा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. मानोऱ्याच्या वाट्याला रेल्वे आली नाही. आपला माल बैलगाडीने कारंज्याला जायचा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद गाडी कारंजा आणि दारव्ह्यावरून धावू लागली. तिलाच पुढे लोकांनी लाडाने शकुंतला म्हटलं. गाठी मुंबईकडे जात, मुंबईहून लिव्हरपूलला. परतीच्या बोटींतून मँचेस्टरचं कापड, बर्मिंगहॅमचं लोखंडी सामान आणि स्टॅफर्डशायरची भांडी येत. कापूस वजनावर आणि पडेल भावाने जायचा. येणारा माल नगावर आणि ठरल्या किमतीने यायचा. भाव कुठे ठरतो, हे शेतकऱ्याला तेव्हाही कळत नव्हतं.

हे लिहिताना आमच्याच तालुक्यातलं पोहरादेवी डोळ्यांसमोर येतं. बंजारा समाजाची ती काशी, सेवालाल महाराजांचं समाधिस्थान. आगगाडीच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेणारे हेच लोक होते. शेकडो मैलांची ती वाट त्यांच्या पायाखालची होती. रूळ पडले आणि त्यांचा धंदा बसला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया अशा फिरत्या समाजांवर पडली, आणि ज्यांनी देशाचा माल वाहिला त्यांच्यावर पोलिसांची पाळत बसली. तांड्यावरच्या बायांच्या अंगावर राणीछाप रुपये मी लहानपणी पाहिले आहेत, गळ्यात ओवलेले, ओढणीला टाचलेले. राणीचा चेहरा त्यांनी दागिन्यात गुंफला, आणि आरशांच्या, कवड्यांच्या मधोमध तो त्यांचाच होऊन गेला. मला त्या ओढणीचा मान विलोच्या ताटलीपेक्षा मोठा वाटतो. ताटलीवरचा चीन कारखान्याच्या सोयीचा आहे. ओढणीवरची राणी टाचणारीच्या मर्जीची आहे.

इंग्रजांच्या टेबलावर हिंदुस्थान कसा दिसे, तेही पाहण्यासारखं आहे. स्पोड या नामांकित कारखान्याने १८१५च्या सुमारास ‘इंडियन स्पोर्टिंग’ नावाचा जेवणाच्या भांड्यांचा संच काढला. बंगालच्या फौजेत राहिलेल्या कॅप्टन थॉमस विल्यमसनच्या शिकारीवरच्या पुस्तकात सॅम्युएल हॉविटची चित्रं होती, ती या संचासाठी घेतली. प्रत्येक आकाराच्या भांड्यावर वेगळी शिकार. हत्तीवर बसलेले साहेब, पाण्यात उतरलेला वाघ, उसातून हुसकलेलं अस्वल. आणि कडेकडेने काठ्या घेतलेले हाकारे. पायी, जनावराच्या सगळ्यांत जवळ. त्यांचे चेहरे मोहरीएवढे. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी काढलेली देवळं, घाट, मकबरेही असेच ताटांवर आले. बहुतेक चित्रांत पडक्या भिंती, मोठी झाडं आणि विसाव्याला टेकलेली चार माणसं. त्या चित्रांत एकही माणूस नांगर धरून नाही, कापूस वेचत नाही, सारा भरत नाही. व्हिक्टोरियाच्या काळातल्या मध्यमवर्गीय घरात मुलं घास संपवता संपवता ताटाच्या तळाशी असला हिंदुस्थान पाहत मोठी झाली. हिंदुस्थान म्हणजे जुना, सुंदर, निजलेला आणि कुणीतरी सांभाळायला हवा असा देश, ही समजूत घराघरांत रुजवण्यात अशा भांड्यांचा वाटा लहान नसावा, असं मला वाटतं. पुस्तक वाचावं लागतं. ताट रोज समोर येतं.

याच्या उलट दिशेची एक गोष्ट मात्र मनाला फार धरून आहे, आणि ती आपल्या मुंबईत घडली. १८६५मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला. त्याचं तरुणपण बर्स्लेमच्या मातीत, भांड्यांच्या कारखान्यात नक्षी काढण्यात गेलं होतं. स्टॅफर्डशायरमधल्या रुडयार्ड तळ्याकाठी त्याची होणाऱ्या बायकोशी भेट झाली, म्हणून १८६५च्याच डिसेंबरात मुंबईत जन्मलेल्या मुलाचं नाव त्यांनी रुडयार्ड ठेवलं. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव शिल्पं या बापाची. म्हणजे ज्या गावी आमची ताटली घडली असेल, त्याच टापूतला कारागीर मुंबईच्या पोरांना हात बसवायला शिकवत होता. आणि ती शाळा उभी राहिली ती सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. त्यांची दौलत चीनशी केलेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातली. ताटलीवरचा चीन आणि तिजोरीतला चीन असे एका ठिकाणी आले.

त्याच शाळेत जॉर्ज टेरी या शिक्षकाने १८७०च्या दशकात मातीकामाचा विभाग वाढवला. सिंधमधले झिलईचे जाणकार कुंभार आणले. त्याच सुमाराला, १८७२पासून, तिथलाच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागला. पेस्तनजी बोमनजी आणि त्यांचे सोबती त्या अंधाऱ्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती करत होते, आणि हे काम १८८५पर्यंत चाललं. अजिंठ्याच्या छतावरची कमळं, हंस, वेली तिथून शाळेच्या रांजणांवर आणि फुलदाण्यांवर उतरल्या. आकार कधी इराणी, झिलई सिंधची, नक्षी अजिंठ्याची, गिऱ्हाईक लंडनचं. यातल्या काही वस्तू आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहायला मिळतात. १८७२मध्ये लोकांसाठी उघडलेलं हे संग्रहालय तेव्हा राणी आणि तिच्या नवऱ्याच्या नावाने होतं. १९७५मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. तिथल्या काचेसमोर उभं राहिलं की मला पहिल्यांदा त्या मुलांच्या हातांचा विचार येतो. लंडनला पाठवलेल्या अजिंठ्याच्या मोठ्या चित्रप्रतींपैकी बऱ्याच १८८५च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या चित्रकाराने वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्याच प्रती १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. मातीची भांडी टिकली. त्यांवर करणाऱ्याचं नाव सहसा नाही. शाळेचं आहे.

इथपर्यंत गोष्ट तशी साम्राज्याची आहे, आणि तिथेच थांबवली तर आपल्याला सोयीची आहे. पण ती तिथे संपत नाही. चिनी मातीचं भांडं आपल्या दारात आलं, तेव्हा आपण त्याचं काय केलं?

आपल्या गावगाड्यात भांडं कधी बेनावाचं नव्हतं. मडकं कुंभाराचं, पितळ-तांबं कासार-तांबटाचं, सूप-टोपली बुरुडाची. कोणतं भांडं कुणी घडवलं, कुणी वापरायचं, कुणी शिवल्यावर ते घासून शुद्ध होतं आणि कुणी शिवल्यावर फोडून टाकायचं, हे सगळं ठरलेलं. चिनी कप हा या घडीत न बसणारा पहिला पाहुणा. तो कुठल्या जातीने घडवला हे सांगणारं कुणी नव्हतं. सोवळ्याच्या घरांत त्याला स्वयंपाकघरात थारा नव्हता. धातू राखेने घासून, तापवून शुद्ध होतो, माती होत नाही, असं शास्त्र. त्यात बोन चायनाच्या मातीत निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते, हे कळल्यावर कारंज्याकडच्या जैन घरांनी ती भांडी निषिद्ध मानली तर त्यात समजण्यासारखं कारण तरी होतं.

कपाने केवढं वादळ उठवलं होतं, हे पुण्याने पाहिलं आहे. ऑक्टोबर १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी घेतला, कुणी नुसता हाती धरला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हे घडवून आणलं होतं. पुढे नावं वर्तमानपत्रात आली. चाळीसहून अधिक जणांवर ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतलं. एवढी मोठी माणसं एका कपासाठी धर्मपीठापुढे उभी राहिली, हे आपण कौतुकाने वाचतो. पण त्यांना तो कप कुणीतरी अदबीने हातात दिला होता, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचलं पाहिजे.

खेड्यात चहा यायला अजून वेळ होता. १९०३मध्ये चहावर उपकर बसला, त्या पैशातून जाहिराती झाल्या. १९३०च्या मंदीनंतर मळेवाल्यांनी देशी गिऱ्हाईक धरायला जोर केला, तेव्हा कुठे कपबशी वऱ्हाडच्या खेड्यांत घरोघर दिसू लागली. आमच्याकडेही आली. सहा कप-बशा गुलाबाच्या फुलांच्या, काठाला सोनेरी रेघ. त्यातल्या एका कपाचा कान तुटला. तो फेकला नाही. तो ओसरीबाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात गेला.

तो कप सालदाराचा. सालदार महारवाड्यातला होता. सकाळी गोठा झाडून झाला की तो स्वतः कोनाड्यातून कप काढायचा, पायरीखाली उकिडवा बसायचा आणि कप दोन्ही हातांत धरून पुढे करायचा. आजी चहाचं पातेलं, म्हणजे गंज, घेऊन बाहेर यायची. मला लहानपणी चहा ओतायला सांगितलं की तिची सूचना ठरलेली असे, “वरतून सोड, गंज कपाले लागू नोको देऊ.” चहा उंचावरून धारेने पडायचा. कपाला कान नसल्यामुळे सालदार बुडाला बोटं बदलत बदलत प्यायचा. मग रांजणाशेजारी उभा राहायचा, कुणीतरी वरून पाणी घालायचं, तो कप विसळायचा आणि कोनाड्यात पालथा ठेवायचा. हे सगळं आवाज न चढता, कुणी कुणाला वाईट न बोलता व्हायचं. आजी त्याच्या आजारपणात त्याच्या घरी दळण धाडायची. मायेत ती कमी नव्हती. पण तिच्या मायेची हद्द त्या कोनाड्याशी संपत होती, आणि तिला ती दिसतही नव्हती.

हा एकट्या आमच्या घरचा प्रकार नव्हता. दलित आत्मकथनांत हा कप पुन्हा पुन्हा भेटतो. हॉटेलाच्या मागच्या बाजूला खिळ्याला टांगलेला, वळचणीला खोचलेला. १९५५च्या अस्पृश्यता अपराध कायद्याला हॉटेल-खाणावळींतल्या भांड्यांचा वापर नाकारणं हा गुन्हा आहे, असं वेगळं नाव घेऊन लिहावं लागलं. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्यानंतर पाच वर्षांनीही कायदा करणाऱ्यांना कप-ताटल्यांपर्यंत उतरावं लागलं, कारण अस्पृश्यता तिथेच राहत होती.

वस्तुसंग्रहालयांत अशा भांड्यांखाली ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असं लिहिलेलं असतं. मला हे शब्द फार लवकर समाधान मानणारे वाटतात. देवाण होती, घेवाण होती, पण तराजू कुणाच्या हातात होता? वऱ्हाडचा कापूस, चीनची चित्रकला, स्टोकच्या बायकांची मनगटं, सिंधच्या कुंभारांची झिलई आणि अजिंठ्याच्या बेनाव चित्रकारांची कमळं, असं सगळं एका भांड्यात आलं, हे खरं. साम्राज्याने त्यातून नफा काढला, हेही खरं. पण त्या भांड्याला वेगळं ठेवायची जागा आपल्या घरात आधीपासून तयार होती. तो कोनाडा इंग्रजांनी खोदला नव्हता. जगातून आलेली, कुठल्याच जातीची नसलेली एक वस्तू आपल्याला मिळाली होती. तिच्यातून सगळ्यांना एका पंगतीत चहा पिता आला असता. आपण तिचा कान तुटेपर्यंत वाट पाहिली आणि तिला जात दिली. परक्यांच्या ताटांवर आपला हाकाऱ्या मोहरीएवढा आहे, याचा राग मला येतो आणि यावाच. पण आपल्याच ओसरीवर माणूस पायरीखाली बसवून आपण त्याला केवढा केला होता, त्याचा हिशेब इंग्रजांच्या खात्यावर टाकता येत नाही.

दर दिवाळीला माळे साफ होतात. जुन्या कपबशा, तामचिनीची ताटं, उडालेल्या झिलईच्या थाळ्या भंगारवाल्याच्या पोत्यात जातात, किंवा जुन्या वस्तूंचे दलाल त्या मातीमोल भावाने उचलून नेतात. माझं एवढंच सांगणं आहे की द्यायच्या आधी त्या एकदा उलट्या करा. बुडावरचा शिक्का वाचा, कुठला कारखाना, कुठला देश ते वहीत लिहा. मग घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारा, हा कप कुणाचा, हा कुठे ठेवायचे, यातून कुणाला द्यायचे. ते उत्तर टाळू लागले तरी पुन्हा विचारा. आणि ज्यांना तो दिला जायचा त्यांची मुलं-नातवंडं त्याच गावात असतील, तर त्यांच्या घरी जाऊन त्यांचंही ऐका. वहीत त्यांचं सांगणं आधी लिहा, घरच्यांचं नंतर.